‘कमला’ आणि ‘नाइट आइज’: एका उपेक्षित सिनेमाच्या बाजूने

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीत नव्वदच्या दशकातील अमेरिकी चित्रपटांचा आढावा घेताना कमी खर्चाच्या इरॉटिक थ्रिलर, म्हणजे शृंगार आणि गुन्हा-रहस्य यांची सांगड घालणाऱ्या, चित्रपटांची ‘सवंग’ या एका शब्दात बोळवण केलेली वाचून वाईट वाटले. दोष एकट्या लेखकाचा नाही, कारण या चित्रपटांविषयी असेच बोलण्याची रीत पडून गेली आहे. ‘बेसिक इन्स्टिंक्ट’ (१९९२) हा याच प्रकारातला चित्रपट पाच कोटी डॉलरच्या आसपास खर्च करून तयार झाला आणि त्यावर चांगले-वाईट आजवर पुष्कळ लिहिले गेले. परंतु त्याच सुमारास त्याच्या तुलनेत अगदी किरकोळ रकमेत तयार होऊन थेट व्हिडिओ कॅसेटवर आलेल्या चित्रपटांकडे समीक्षकांनी मान वळवूनही पाहिले नाही. हे चित्रपट मी अनेक वर्षे लक्षपूर्वक पाहत आले आहे. त्यांत शिकण्यासारखे आणि जपण्यासारखे बरेच काही आहे, असे माझे मत आहे. ते मांडताना मी सुरुवात अशा एका दिग्दर्शकापासून करते, ज्याचा एक धागा थेट मराठी रंगभूमीशी जोडलेला आहे.

विजय तेंडुलकरांचे ‘कमला’ हे नाटक आपल्या वाचकांना सांगायला नको. दिल्लीतील एक पत्रकार बायकांच्या बाजारातून एक बाई विकत घेतो आणि हा बाजार खरोखर भरतो हे सिद्ध करण्यासाठी तिला पत्रकार परिषदेत उभी करतो. त्या बाईने पत्रकाराच्या बायकोला, तुम्हाला केवढ्याला विकत घेतले, असे निरागसपणे विचारावे आणि त्या एका प्रश्नाने सुशिक्षित घरातील संसाराचा पाया हलावा, हे त्या नाटकाचे मर्म आहे. या नाटकावर १९८४ मध्ये हिंदी चित्रपट निघाला. त्यात शबाना आझमी पत्नीच्या, दीप्ती नवल कमलाच्या आणि मार्क झुबेर पत्रकाराच्या भूमिकेत होते. दिग्दर्शक होते जगमोहन मुंध्रा. नागपुरात जन्मलेले, मुंबईच्या आयआयटीतून अभियंता झालेले, पुढे अमेरिकेत जाऊन विपणनाकडे आणि तेथून सिनेमाकडे वळलेले हे गृहस्थ. ‘कमला’नंतर सहा वर्षांनी, १९९० मध्ये, त्यांनीच अमेरिकेत ‘नाइट आइज’ हा इरॉटिक थ्रिलर केला आणि पुढच्या पाच-सहा वर्षांत त्याच धाटणीचे आणखी बरेच चित्रपट दिले.

मुंध्रांविषयी जे थोडेफार लिहिले गेले, त्यात या वर्षांचा उल्लेख घरातल्या एखाद्या अप्रिय प्रसंगासारखा खालच्या आवाजात येतो. गंभीर चित्रपटाने सुरुवात केलेला माणूस पोटासाठी वाकड्या वाटेला गेला आणि शेवटी पुन्हा गंभीर विषयांकडे परतला, अशी ती मांडणी असते. मला ती साफ चुकीची वाटते.

‘नाइट आइज’ची गोष्ट साधी आहे. एका रॉक गायकाची बायको घटस्फोटाच्या वाटेवर आहे. तिच्या प्रशस्त बंगल्यावर सुरक्षारक्षक नेमला जातो आणि कॅमेरे बसवले जातात. त्या रक्षकाने तिचे रक्षण करायचेच, पण त्याबरोबर तिच्यावर पाळत ठेवून तिच्याविरुद्ध वापरता येईल असा पुरावाही गोळा करायचा, असे नवऱ्याच्या बाजूने सांगितलेले असते. रक्षक रात्रभर छोट्या पडद्यांसमोर बसून तिला पाहत राहतो आणि हळूहळू पाहणारा माणूस स्वतःच त्या चित्रात ओढला जातो. आता ‘कमला’ आठवून पाहावी. तिथेही एक पुरुष पुराव्यासाठी एका बाईला दाखवायची वस्तू करतो, तिथेही त्याला आपले काम नैतिकच वाटत असते, आणि तिथेही पाहणाऱ्याच्या घराला तडा गेल्याशिवाय राहत नाही. पैसे मोजून बाईकडे पाहण्याचा हक्क विकत घेता येतो काय, हा प्रश्न मुंध्रांनी दोन्हीकडे धरून ठेवला आहे. तेंडुलकरांच्या शब्दांची धार ‘नाइट आइज’ला नाही, हे मी लगेच मान्य करते. पण हा प्रश्न त्यांनी अशा प्रेक्षकापुढे नेला, जो स्वतः त्याच क्षणी घरच्या छोट्या पडद्यासमोर बसून एका बाईला पाहत होता. अशा प्रेक्षकाला त्याचीच बैठक पडद्यावर दाखवणे ही केवळ चलाखी नव्हे, त्यात विचार आहे.

आणि तो एकट्या मुंध्रांचा नाही. कॅमेरा, आरसा, भिंतीतले भोक, खिडकीच्या पट्ट्यांच्या फटी, दुर्बीण, ध्वनिफीत, टेलिफोनवर चोरून ऐकलेला आवाज यांनी हा सगळा चित्रप्रकार भरलेला आहे. घरात कॅमेरा असणे तेव्हा असाधारण मानले जाई. आज माणसे स्वतःच्या हाताने दारात, दिवाणखान्यात आणि खिशात कॅमेरे बाळगतात आणि नवरा-बायको एकमेकांचा ठावठिकाणा फोनवर तपासतात. या सवयीतून विश्वासाचे काय होते, कामवासना आणि पाळत एकमेकांत कशी मिसळते, हे तीस-पस्तीस वर्षांपूर्वी सर्वांत चिकाटीने कोणी दाखवले असेल, तर ते कॅसेटच्या दुकानात मागच्या फळीवर ठेवल्या जाणाऱ्या या चित्रपटांनी.

हे त्यांना का साधले, याचे उत्तर त्यांच्या बाजारपेठेत आहे. व्हिडिओ भाड्याने देणारे दुकान कॅसेट महाग किमतीत विकत घेई आणि ती पुनःपुन्हा भाड्याने देऊन पैसे वसूल करी. गिऱ्हाईक कॅसेट उचलत असे ते नाव आणि वेष्टनावरचे चित्र पाहून. त्यामुळे निर्मात्याच्या अटी मोजक्या आणि स्पष्ट असत. आकर्षक नाव हवे, वेष्टनावर छापता येईल असा चेहरा हवा, ठरावीक अंतराने शृंगाराचे प्रसंग हवेत आणि चित्रपट दीड तासात संपायला हवा. एवढे पाळले की उरलेल्या तासाभरात दिग्दर्शक काय करतो, याची फारशी विचारपूस होत नसे. रॉजर कॉर्मन यांच्यासारख्या निर्मात्याने याच पद्धतीने अनेक नवख्यांना कामे दिली. मोठ्या स्टुडिओत मात्र पैसा इतका अडकलेला असतो की कोणत्याच प्रसंगाला मोकळे सोडता येत नाही.

याचे सर्वांत बोलके उदाहरण ‘फेटल ॲट्रॅक्शन’ (१९८७) या गाजलेल्या, श्रीमंत चित्रपटात सापडते. विवाहित पुरुषाच्या आयुष्यात आलेली बाई शेवटी आत्महत्या करते आणि तिच्या मृत्यूचा आळ त्या पुरुषावर येतो, असा त्याचा मूळ शेवट चित्रित झालेला होता. तो कठोर होता, पण गोष्टीतून आपोआप उगवलेला होता. निवडक प्रेक्षकांना दाखवल्यावर त्यांना तो रुचला नाही, तेव्हा शेवट नव्याने चित्रित करण्यात आला आणि पत्नीच्या हातून त्या बाईला गोळी घातली गेली. कुटुंब वाचले, परकी बाई मेली, चित्रपटाने अफाट पैसा मिळवला. एका पुरुषाने केलेल्या विश्वासघाताची सगळी किंमत दोन बायकांनी चुकवली, याबद्दल मात्र चित्रपटात अवाक्षर नाही.

याच साच्यातला, पण थोडक्या पैशांत केलेला ‘बॉडी केमिस्ट्री’ (१९९०) कॉर्मन यांच्या कंपनीतून आला. दिग्दर्शक होत्या क्रिस्टीन पीटरसन. इथली ‘परकी बाई’ संशोधक आहे, हुशार आहे, धोकादायक आहे, आणि कुटुंबाच्या सुखासाठी तिला संपवून टाकण्याची घाई या चित्रपटाला नाही. ही व्यक्तिरेखा पुढच्या भागांतही परतत राहिली आणि ती मालिका चार चित्रपटांपर्यंत गेली. यात धंद्याचे गणित होतेच. चाललेली गोष्ट पुढे चालवणे स्वस्त पडते. परंतु परिणाम असा झाला की शिक्षेविना जगणारी, स्वतःच्या इच्छेची माफी न मागणारी बाई या स्वस्त चित्रपटांत टिकून राहिली.

‘द लास्ट सिडक्शन’ (१९९४) पाहिलेल्यांना मी काय म्हणते ते लगेच कळेल. जॉन डाल यांच्या या चित्रपटात लिंडा फिओरेंटिनो हिने साकारलेली नायिका नवऱ्याचे पैसे घेऊन पळते, एका भोळ्या पुरुषाला हाताशी धरते, गुन्हा त्याच्या गळ्यात घालते आणि निघून जाते. तिच्या वागण्यामागे बालपणीचे दुःख शोधायचा प्रयत्न चित्रपट करत नाही आणि तिला शेवटी रडवतही नाही. असा शेवट मोठ्या स्टुडिओने मान्य केला असता, असे मला वाटत नाही. चित्रपटगृहांत येण्याआधीच तो अमेरिकेत एचबीओ वाहिनीवर दाखवला गेला, आणि त्यामुळे ऑस्करच्या नियमांनुसार फिओरेंटिनोचे नाव विचारात घेता आले नाही. न्यूयॉर्कच्या समीक्षक मंडळाने मात्र तिला त्या वर्षीची सर्वोत्तम अभिनेत्री ठरवले. हे चित्रपट कोणत्या दारातून आत आले यावरून त्यांची किंमत ठरवली गेली, त्यांच्या गुणांवरून नव्हे, याचा याहून स्वच्छ पुरावा मला देता येणार नाही.

आता कारागिरीविषयी. पैसा कमी असतो म्हणजे नेमके काय कमी असते? जागा, नट, दिवे आणि दिवस. म्हणून कथा एका घरात, चार-पाच माणसांत, बहुतांशी रात्री घडते. टेकडीवरचा भाड्याने घेतलेला काचेचा बंगला, त्यासमोरचा पोहण्याचा तलाव, एखादे कार्यालय आणि एक बार एवढ्यावर अख्खा चित्रपट उभा राहतो. रात्र असली की मागची न बांधलेली भिंत दिसत नाही. खिडकीच्या आडव्या पट्ट्यांतून एकच दिवा सोडला की रिकाम्या खोलीत सावल्यांचे नक्षीकाम तयार होते आणि सजावटीचा खर्च वाचतो. पण या काटकसरीला एक वेगळेच फळ लागले. माणसे एका घरात कोंडली गेली की प्रत्येक दरवाजाला अर्थ येतो. कोण आत आहे, कोण बाहेर आहे, किल्ली कोणाकडे आहे आणि कोणाला काय ऐकू गेले, यावरच ताण उभा करावा लागतो. पाठलागाला गाड्या नाहीत, स्फोटांना पैसा नाही; तेव्हा संशय, मत्सर आणि लोभ यांनाच धावावे लागते.

‘बाउंड’ (१९९६) हा वाचोव्स्की भगिनींचा पहिला चित्रपट या दृष्टीने अभ्यासण्यासारखा आहे. जवळजवळ सगळी गोष्ट शेजारशेजारच्या दोन सदनिकांत घडते आणि मधली पातळ भिंत ही जणू त्यातली महत्त्वाची व्यक्तिरेखाच आहे. दोन बायका एकमेकींच्या प्रेमात पडतात, गुन्हेगारांचा पैसा लांबवण्याचा बेत करतात आणि प्रेक्षक अखेरपर्यंत एकाच प्रश्नाने अस्वस्थ राहतो, की दोघींपैकी कोणी दुसरीला फसवेल काय. फसवत कोणीच नाही. दोघी पैसे घेऊन निघून जातात. ज्या प्रकारात बाईवर विश्वास ठेवणारा हमखास बुडतो, त्या प्रकारात विश्वासालाच रहस्याचा गाभा करणे ही मोठी गोष्ट आहे. शृंगाराचे प्रसंग खोटे वाटू नयेत म्हणून लैंगिकतेवर लिहिणाऱ्या सुझी ब्राइट यांचा सल्ला या चित्रपटासाठी घेतला होता; आज अशा प्रसंगांसाठी स्वतंत्र समन्वयक नेमण्याची पद्धत रूढ होत आहे, तिच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. तीनच वर्षांनी याच दोघींनी ‘द मेट्रिक्स’ केला, हे सर्वांना ठाऊक आहे. घट्ट बांधणीचे शिक्षण त्यांनी कुठे घेतले, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही.

स्त्रियांना या चित्रपटांत केवळ पडद्यावरच जागा मिळाली असे नाही. कॅट शी यांनी कॉर्मन यांच्याकडेच ‘स्ट्रिप्ड टू किल’ (१९८७) करून दिग्दर्शनाला सुरुवात केली आणि १९९२ मध्ये ‘पॉयझन आयव्ही’ दिला. एका एकाकी मुलीच्या घरात मैत्रीण म्हणून शिरणारी आणि त्या घराचा ताबा घेऊ पाहणारी मुलगी, अशी ती गोष्ट. वेष्टनावर जे विकले गेले ते वेगळे होते; आत मात्र प्रेमाला भुकेलेल्या दोन मुलींची, आजारी आईची आणि दुबळ्या बापाची अतिशय करुण कथा आहे. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने कॅट शी यांच्या चित्रपटांचा खास कार्यक्रम केला. मोठ्या स्टुडिओंत स्त्री दिग्दर्शक बोटांवर मोजण्याइतक्या असताना कमी पैशांच्या या दुनियेने त्यांना कॅमेऱ्यामागे उभे केले, याची नोंद व्हायला हवी.

या चित्रपटांचे दोष मला दिसत नाहीत असे समजू नये. अनेकांमधला शृंगार इतका यांत्रिक असतो की कथा थांबते आणि सॅक्सोफोन वाजू लागतो. अभिनय पुष्कळदा कच्चा असतो. निम्म्याहून अधिक चित्रपट एकमेकांच्या नकला आहेत. शिवाय कराराच्या जोरावर नट्यांकडून, त्यांना नको असलेलेही, करून घेतले जाण्याचा धोका या धंद्यात कायमच होता आणि त्याचे समर्थन मी कोणत्याही कलेच्या नावाने करणार नाही. पण दोष दाखवणे म्हणजे पाहणे टाळणे नव्हे. दहा वाईट कविता छापल्या गेल्या म्हणून आपण काव्यप्रकार बाद करत नाही.

शिवाय असे यापूर्वी एकदा घडून गेले आहे. चाळीसच्या दशकात अमेरिकेत गुन्हा आणि वासना यांवरचे पुष्कळ काळपट, स्वस्त चित्रपट निघत. चित्रपटांत काय दाखवू नये हे ठरवणाऱ्या, १९३४ पासून कठोरपणे राबवलेल्या आणि १९६८ मध्ये रद्द झालेल्या निर्मिती संहितेमुळे त्यांना शय्या दाखवता येत नसे, म्हणून ते पायातल्या साखळीवरून आणि सिगारेट पेटवण्यावरून सारे सुचवत. अमेरिकेत त्यांना कोणी कला म्हणत नव्हते. फ्रेंच समीक्षक नीनो फ्रांक यांनी १९४६ मध्ये त्यांतल्या काहींना ‘फिल्म न्वार’, म्हणजे ‘काळा चित्रपट’, म्हटले आणि मग जगाची नजर बदलू लागली. एडगर उल्मर यांचा ‘डिटूर’ (१९४५) हा त्यांतला सर्वांत गरीब चित्रपटांपैकी एक. न्यूयॉर्कचा रस्ता उभा करायला पैसे नव्हते म्हणून दिग्दर्शकाने दाट धुके सोडून त्यात दोन माणसे चालवली. तो चित्रपट १९९२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदणीत सन्मानाने दाखल झाला. म्हणजे ज्या वर्षी धुक्यातल्या त्या गरीब चित्रपटाला राष्ट्रीय ठेवा ठरवण्यात आले, त्याच वर्षी त्याची नातवंडे शोभावीत अशी कितीतरी चित्रे कॅसेटच्या दुकानांत नाव न घेता पडून होती. संहिता गेल्यावर न्वारला जे सुचवावे लागत होते ते दाखवता येऊ लागले, एवढाच दोघांत मोठा फरक आहे. लोभी नवरा, कंटाळलेली बायको, विम्याचा किंवा वारशाचा पैसा आणि मध्ये सापडलेला तिसरा माणूस हे तेच आहेत.

एक काळजी मात्र व्यावहारिक आहे. यांतले कितीतरी चित्रपट फक्त कॅसेटवर निघाले. चुंबकीय फीत वर्षागणिक खराब होते, ती वाजवणारी यंत्रे बंद पडत चालली आहेत, आणि छोट्या कंपन्या बुडाल्या की मूळ निगेटिव्ह कोणाच्या ताब्यात गेल्या हेही कळेनासे होते. जे सवंग ठरवले जाते त्याला जपायला कोणी पैसे काढत नाही. म्हणून ‘सवंग’ हा शब्द छापताना आपल्यासारख्या जबाबदार दैनिकाने थोडे थांबावे, अशी माझी विनंती आहे.

जगमोहन मुंध्रांनी पुढे २००० मध्ये सामूहिक बलात्काराविरुद्ध न्यायासाठी झगडलेल्या राजस्थानच्या भंवरीदेवींच्या लढ्यावर आधारलेला ‘बवंडर’ केला आणि २००६ मध्ये किरणजित अहलुवालिया यांच्यावरचा ‘प्रोव्होक्ड’. वर्षानुवर्षे मारहाण सोसून शेवटी नवऱ्याला पेटवून देणाऱ्या आणि इंग्लंडच्या न्यायालयात न्याय मिळवणाऱ्या बाईची ती खरी हकीकत. बंद घरात बाईचे काय होते, तिचे बोलणे पुरावा म्हणून कोण मानते आणि तिच्याकडे पाहणाऱ्यांचा हेतू काय असतो, हे विषय त्यांनी या दोन चित्रपटांसाठी नव्याने शोधले नव्हते. मधल्या वर्षांत दर काही महिन्यांनी एक चित्रपट करताना ते याच खोल्यांत वावरत होते. २०११ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यांच्या कामाचा सलग, एकही वर्ष न लपवता घेतलेला आढावा मराठीत माझ्या वाचनात अजून आलेला नाही.

तो आपल्या पुरवणीने छापावा, ही माझी पहिली मागणी. दुसरी आपल्यामार्फत फिल्म सोसायट्यांना आहे. त्यांनी ‘कमला’ आणि ‘नाइट आइज’ हे दोन चित्रपट लागोपाठच्या दोन संध्याकाळी, प्रौढ सभासदांसाठी, दाखवावेत आणि दुसऱ्या संध्याकाळी चर्चेसाठी तासभर राखून ठेवावा. चर्चेला लागणारी टिपणे लिहून देण्यास मी आनंदाने तयार आहे.

आपली नम्र,
एक नियमित वाचक